कैरोवर पन्नास मिनिटं

बत्तीस वर्षं मी झाशीच्या रेल्वे कंट्रोल ऑफिसात गाड्या चालवल्या, त्याही गाडीत पाय न ठेवता. समोर मोठा कागद असायचा. त्यावर आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि कानाला फोन. दतियाहून गाडी सुटली की तिथे एक टिंब, झाशीला पोचली की इथे एक टिंब. दोन टिंबं जोडली की तिरकी रेघ. त्या रेघेलाच आम्ही गाडी म्हणायचो. पुढे कॉम्प्युटर आले आणि रेघा आपोआप उमटायला लागल्या, तरी मी घरी कागद आणि पट्टी जपून ठेवली. ठरलेली गाडी पेन्सिलीनं काढायची, धावलेली शाईनं, ही माझी पद्धत. पेन्सिलीची रेघ म्हणजे वेळापत्रक बनवणाऱ्याची हौस. खरं काय झालं ते शाईला विचारावं.

दतिया गेटजवळच्या घरात आम्ही दोघं राहायचो, मी आणि माझी ताई. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेला, तेव्हा तीन वर्षांच्या मुलीला घेऊन इथे आली आणि इथलीच झाली. मी लग्न केलं नाही. कारण विचारू नये, मलाही ते नीट माहीत नाही. भाची याच घरात वाढली, शिकली, लंडनला नोकरीला गेली आणि तिथेच लग्न केलं.

आमचं घराणं कधीकाळी फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आलं. आले ते आलेच, परत कोणी गेलं नाही. मराठी उंबऱ्याच्या आत, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि बुंदेली. पूर्वी गल्लीत आपली चार घरं होती. कोणी पुण्याला गेलं, कोणी भोपाळला, आता आमचं एकच. बबिन्याच्या छावणीत फौजेतली मराठी कुटुंबं असतात, पण त्यांची ओळख होईहोईतो बदलीचा ट्रक दारात येतो. भाचीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत देते. म्हणजे माझ्याशी मराठीत भांडणारं माणूस झाशीत एकच उरलं होतं. भांडायची मात्र भरपूर.

मागच्या थंडीत भाचीचा फोन आला. तिला दिवस गेले होते, चैत्रात बाळंतपण होतं, आणि आई जवळ हवी होती. दिल्लीहून लंडनला थेट विमान होतं, तिकीट ती काढणार होती. ताई आजवर कधी विमानात बसली नव्हती. तिनं एकच प्रश्न विचारला, "मध्ये कुठे थांबतं?"

"कुठेच नाही," मी म्हटलं. "नऊ-दहा तास सरळ."

"अग बाई! आणि मध्येच काही झालं तर उतरायचं कुठे?"

मी कपाळाला हात लावला. पण तिचंही बरोबर होतं. आमचे वडील गार्ड होते. आम्ही रेल्वेच्या फुकट पासावर वाढलो, आणि आमच्या हिशेबात प्रवास म्हणजे स्टेशनं. तिचं सासर माणिकपूरच्या बाजूला. पॅसेंजर बरुआसागरला थांबली की खिडकीतून आलं घ्यायचं, मऊ स्टेशनात चहा, मग पुढे. दहा तास न थांबणारं वाहन तिच्या डोक्यात मावत नव्हतं. तीन दिवसांनी तिनं सांगून टाकलं की ती जाणार नाही. त्याच दिवशी भाचीनं मला वेगळा फोन केला. "मामा, मम्मी को आप ही समझाइए ना." तिचा आवाज रडवेला होता.

समजावण्यात मी पहिल्यापासून कच्चा. पण माझ्याकडे विमान होतं. निवृत्तीनंतर मी रिकामा बसून ताईला पिडतो म्हणून भाचीनं मला एक कॉम्प्युटर पाठवला होता, सोबत विमान चालवायचा दांडा. पडद्यावर खरंखुरं वाटावं असं विमान उडवायचं, असला तो खेळ. ताई त्याला 'तुझं खेळणं' म्हणायची. त्यावर मी झाशी-ग्वाल्हेर करून कंटाळलो होतो. मग शोधताशोधता मला जुन्या काळचा मार्ग सापडला. आपल्या देशाचं विमान पहिल्यांदा विलायतेला जायला लागलं तेव्हाचा: मुंबई, कैरो, जिनिव्हा, लंडन. तेव्हाच्या विमानांना एका दमात एवढं जमायचं नाही, थांबत थांबतच जावं लागायचं. चार पंख्यांचं, मागे तीन शेपट्यांचं ते विमान खेळण्यातही मिळालं. कोणीतरी जुन्या वेळापत्रकाचं चित्रही इंटरनेटवर टाकलं होतं.

मी ताईला म्हटलं, "हे बघ, तीन स्टेशनं आहेत. तू शेजारी बस. मी तुला मुंबईहून लंडनला नेतो, जेवढा वेळ खरा लागतो तेवढ्याच वेळात. मग ठरव."

"पोचवशील नीट?"

"बत्तीस वर्षं काय केलं मी?"

"कागदावर रेघा मारल्यास," ती म्हणाली. पण बसायला तयार झाली. पोचलो तर जाईन, असं तिनं भाचीलाही फोनवर सांगितलं.

मी चार्ट भिंतीवर लावला. उभ्या बाजूला चार शहरं, आडवी वेळ. वेळ आपली, भारताची. परदेशाची वेळ माझ्या कागदावर चालत नाही. वेळापत्रकाप्रमाणे पेन्सिलीनं रेघ काढली. मुंबईहून सकाळी सव्वासहाला सुटायचं, कैरोला दुपारी साडेचारला पोचायचं. तिथे मुक्काम, कारण ताईला संध्याकाळी देवापाशी दिवा लावायचा होता. विमानाच्या तेलाचा हिशेबही पक्का केला. लागेल तेवढं, वर पाऊण तासाचं. उगाच ओझं कशाला वाहायचं?

ठरलेल्या दिवशी ताई पहाटे अंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून खुर्चीवर येऊन बसली. मांडीवर पोळी-भाजीचा डबा, बाजूला पाण्याचा तांब्या. महालक्ष्मीचं कुंकू आदल्या दिवशी लक्ष्मी ताल तळ्याकाठच्या देवळातून आणलं होतं, ते तिनं पडद्याच्या काचेलाच लावलं. मी स्टेशनातल्यासारखी घोषणा केली, "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. लंडनला जाणारं विमान थोड्याच वेळात सुटेल."

"सोड रे लवकर," ताई म्हणाली.

सव्वासहाला सुटलो. ताईनं खुर्चीचे दोन्ही हात धरून ठेवले होते. समुद्र आला तेव्हा तिनं डोळे मिटले, अर्ध्या तासानं उघडले. तरी समुद्रच. मग तिनं लसूण सोलायला घेतला. नऊ वाजता चहा केला, अकराला अरबस्तानचं वाळवंट लागलं तेव्हा आम्ही जेवलो. "ऊन हलतच नाही," ती म्हणाली, आणि खरंच नव्हतं हलत. सूर्य आणि आम्ही एकाच दिशेनं चाललो होतो. एकदा वीज गेली, इन्व्हर्टरनं सांभाळलं. दुपारी तीनपर्यंत ती इतकी निवांत झाली होती की मला म्हणाली, "यात काय आहे? बसून राहायचं असतं."

मला बरं वाटायला हवं होतं.

तीन चाळीसला कैरो दिसलं. म्हणजे पन्नास मिनिटं आधी. समुद्र लवकर संपावा म्हणून मी इंजिनं जोरात पळवली होती, तेलही तसंच जास्त जळलं होतं. आता आमच्या धंद्यात गाडी वेळेआधी आली तर तिला घेत नाहीत. प्लॅटफॉर्म रिकामा नसतो, पुढची गाडी अडते, सगळा चार्ट बिघडतो. अशा गाडीला बाहेरच्या सिग्नलवर उभी करायची, वेळ झाली की आत. बत्तीस वर्षं मी हेच केलं. कोणी ड्रायव्हर फोनवरून कुरकुरला की मी म्हणायचो, "भैया, आपका टाइम नहीं हुआ." मी विमान वळवलं आणि कैरोच्या बाहेर गोल फिरवायला लागलो.

ताईनं विचारलं, "का रे फिरतोयस?"

"सिग्नल नाही. साडेचारला घेतील."

गाडी सिग्नलवर उभी राहते. विमान उभं राहत नाही. हे शाळेतल्या पोरालाही कळतं. सव्वाचारला समोर लाल दिवा लागला. मी घड्याळ पाहिलं, अजून पंधरा मिनिटं. आणखी एक फेरी घेतली. चार वाजून चोवीस मिनिटांनी डावीकडचा एक पंखा थांबला, मग दुसरा, मग उजवीकडचे दोन्ही. आवाजच बंद झाला. आमच्या खोलीत लसणाचा वास आणि कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर तेवढी राहिली. विमानतळ समोर दिसत होतं. आम्ही त्याच्या अलीकडे शेतात पडलो. पडदा काळा झाला आणि इंग्रजीत दोन ओळी आल्या.

ताईनं डबा उचलला. "बघितलंस? म्हणून मी म्हणत होते." एवढंच बोलली. संध्याकाळी दिवा लावला आणि भाचीला फोन केला की माझं काही धरू नकोस, कोणीतरी बाई बघ.  भाची म्हणाली, "ठीक है मम्मी."

मी चार्टवर शाईची रेघ काढली. कैरोच्या एक बोट अलीकडे ती संपली. अपघात झाला की आम्ही तिथे फुली मारतो. मारली.

पुढचे चार दिवस मी खूश होतो. हे लिहायला नको वाटतं, पण होतो. सकाळी जाऊन गरम जिलबी आणली. ताईनं विचारलं आज काय आहे, मी म्हटलं काही नाही. मुळ्याच्या भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून आम्ही कडाकडा भांडलो, आणि भांडताना मला छान वाटत होतं. ती इथेच राहणार होती.

पाचव्या दिवशी मी बाजारातून आलो तर ती ओटीवर बसून गाठोडं बांधत होती. बातमी कळल्यापासून ती बाळासाठी शिवत होती. तिच्या जुन्या सुती लुगड्यांची दुपटी, अंगडी, टोपडी, लाल काठाची एक कुंची. अळिवाची पुडीही त्यातच ठेवलेली होती.

"हे कुठे?"

"समोरच्या घरी. त्यांच्या सुनेला सहावा लागलाय. इथे पडून काय करायचंय?"

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी उत्तर दिलं असतं, तेवढी मला सवय आहे. तिनं कुंची परत बाहेर काढली, हातानं तिच्यावरच्या सुरकुत्या मोडल्या आणि पुन्हा घडी घातली. मला लाज वाटली. सरळ, साधी लाज.

मी तिच्यासमोर बसलो. "ताई, विमानाची चूक नव्हती. माझी होती. तेल संपत आलं की दिवा लागतो. तो लागला होता. तेव्हा उतरवलं असतं तर आरामात उतरलं असतं."

"मग दिसला नाही का तुला?"

"दिसला."

"मग?"

"वेळ व्हायची होती."

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी वडिलांच्या खिशातली शिट्टी मी हरवली होती आणि मांजरावर ढकललं होतं, तेव्हा बघत होती तशी. "एवढंच?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तू गेलीस की मी या घरात कोणाशी बोलू?"

दिव्याकडे मी मुद्दाम दुर्लक्ष केलं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. हात सवयीचा होता. पण सवयीच्या मागे बसून कोणी दुसराही हात चालवत असेल, तर ते मी नाकारू शकत नाही. खात्यात असतो तर माझीच चौकशी मी लावली असती.

ताईनं गाठोड्याची गाठ सोडली. "मेल्या," ती म्हणाली, "हे आधी सांगायला तोंड नव्हतं? दहा तास बसवलंस मला त्या खुर्चीवर." मग डोळे पुसले आणि लगेच ओरडली, "परत कर सगळं, मुंबईपासून. आणि या वेळी घड्याळ माझ्याकडे दे."

परत केलं. घड्याळ तिनं पदराखाली धरून ठेवलं. कैरोला कितीला पोचलो ते तिनं मला उतरल्यावरच सांगितलं, पस्तीस मिनिटं आधी. दुसऱ्या दिवशी जिनिव्हा. डोंगर आले तेव्हा तिनं बरुआसागरच्या किल्ल्याएवढेच आहेत असं ठरवलं, मी वाद घातला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी लंडन. ढग होते, काही दिसेना, आणि मी विमान असं टेकवलं की खोलीतला दांडा टेबलावरून खाली पडला.

"आपटलंस," ताई म्हणाली.

"लंडनला आपटतंच."

"पोचवलंस पण." तिनं पडद्यावरचं कुंकू पदरानं पुसलं आणि भाचीला फोन लावला. तिकडून भाची पहिल्यांदा हिंदीत रडली आणि मग मराठीत, "आई, ये ना." मी चार्टवर शाईची रेघ पुरी केली. फुलीची जुनी रेघही राहू दिली. चार्टवरचं खोडत नाहीत.

खऱ्या प्रवासासाठी मी तिला वेगळा कागद करून दिला, पर्समध्ये मावेल एवढा. थेट विमान असलं म्हणून काय झालं, न थांबणारी गाडीसुद्धा प्रत्येक स्टेशनावरून जाते. वाटेत लागतील ते समुद्र आणि शहरं मी एकाखाली एक लिहिली, समोर अंदाजे वेळ. तिनं समोरच्या खुर्चीवरच्या नकाशात बघून टिंबं द्यायची होती. निघताना मी तिच्या हातावर दही-साखर ठेवली. एरवी ते तिचं काम. दिल्लीपर्यंत गाडीनं सोबत गेलो. काचेच्या दारापाशी मला अडवलं आणि तिला आत सोडलं. गाठोडं तिनं सामानात दिलं नाही, काखेतच धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "पोचले. वेळेआधी पोचलो रे, आणि वर गोल गोल फिरवत ठेवलं वीस मिनिटं. शेजारची बाई घाबरून माझा हात धरून बसली. मी तिला म्हटलं, सिग्नल नहीं मिला होगा. तेलाचं मात्र मनात आलं हं माझ्या."

"मग?"

"मग काय, त्यांच्याकडे तू नव्हतास."

मी खूप हसलो. फोन ठेवल्यावर चार्टवर तिच्या विमानाची रेघ शाईनं काढली, आणि तिच्याच खाली, सहा महिन्यांनंतरची, परतीची, पेन्सिलीनं.

मुलगी झाली. आता ती चार महिन्यांची आहे. भाची कामावर जायला लागली आहे, आणि मम्मीनं आता इथेच राहावं, कागदपत्रांचं बघू, असं तिनं मला दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा मी म्हटलं की तुझ्या आईला विचार. मागच्या आठवड्यात ताईचा फोन आला तेव्हा मागून बाळाचा आवाज येत होता आणि ताई मध्येच त्याच्याशी बोलत होती, "काय गं, काय पाहिजे माझ्या बाईला?" पोर चांगलं लांबलचक उत्तर देत होतं. त्या घरात मराठी बोलणारी माणसं वाढत होती.

"चार्ट आहे का रे भिंतीवर?" तिनं विचारलं.

"आहे."

"माझी परतीची रेघ काढलीस?"

"पेन्सिलीनं."

 "खोडरबर जवळ ठेव," म्हणाली.

मी बरं म्हटलं. मग तिनं मला दूध उतू जाऊ देऊ नकोस, पावसात भिजू नकोस वगैरे सांगितलं आणि फोन ठेवला.

परवा मी खेळण्यातल्या त्याच विमानानं लंडनहून निघालो. जिनिव्हा, कैरो, काल मुंबई. शेजारची खुर्ची तिथेच आहे, काढायची कशाला? कालही मुंबईला वेळेआधी पोचलो, चाळीस मिनिटं. फिरवलं नाही. सरळ उतरवलं, आपटू दिलं नाही, चारही इंजिनं एकेक करून बंद केली.

"ताई, पोचलो गं," मी म्हटलं. दिवसभरात मराठीत तेवढंच बोललो.